लेसो : मिठाने जंगल खाल्लेल्या बेटाची गोष्ट

समाजमाध्यमांवर एक छायाचित्र अधूनमधून फिरत असते. पांढऱ्या भिंतींचे एक बुटके घर आणि त्यावर करड्या-तपकिरी रंगाचे, जवळजवळ भिंतीइतकेच जाड वाटणारे, केसाळ छप्पर. डोक्यावरून घोंगडी ओढून पावसात उभ्या राहिलेल्या मेंढपाळाची आठवण व्हावी असे ते घर दिसते. छायाचित्राखाली बहुधा एकच आशयाची ओळ असते : समुद्रातील गवताने शाकारलेले घर, निसर्गाशी एकरूप झालेल्या परंपरेचा नमुना.

छायाचित्र खरे आहे. घर डेन्मार्कच्या लेसो बेटावरील आहे आणि छप्परही खरोखरच समुद्री गवताचे आहे. खालची ओळ मात्र अर्धीच खरी आहे. त्या बेटावरील माणसांनी समुद्रातील गवत घरावर का चढवले, हा प्रश्न ती ओळ विचारत नाही. त्याचे उत्तर शोधू लागलो की आपण एका उद्ध्वस्त झालेल्या जंगलापाशी जाऊन पोहोचतो. आजचा धागा त्या जंगलाविषयी आणि त्याच्या जागी जे उरले त्याविषयी.

प्रथम भूगोल. डेन्मार्कचे जटलंड द्वीपकल्प आणि स्वीडनचा पश्चिम किनारा यांच्यामध्ये कॅटेगॅट नावाचा उथळ समुद्र आहे. त्यात उत्तरेच्या बाजूला लेसो वसले आहे. क्षेत्रफळ सुमारे १२० चौरस किलोमीटर, वस्ती दोन हजारांच्याही आत. जटलंडच्या फ्रेडरिक्सहाव्हन बंदरातून निघालेली बोट दीड तासात वेस्टरो बंदरात पोहोचते. बेटाच्या मध्यभागी ब्यूरुम हे मुख्य गाव. उत्तरेला वाळूच्या टेकड्या आणि पाइनची लागवड, दक्षिणेला मैलोन्‌मैल सपाट, ओलसर, खारट कुरणे. या दक्षिण भागाला 'रोनर्ने' म्हणतात. आपल्या कथेचा पहिला अंक तेथेच घडला.

नॉर्स साहित्यात हे बेट 'ह्लेसेय' म्हणजे 'ह्लेरचे बेट' या नावाने येते. ह्लेर हे एगिर या समुद्राधिपतीचेच दुसरे नाव. तेराव्या शतकात आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसनने आपल्या काव्यशास्त्राच्या ग्रंथात एगिरचे घर याच बेटावर असल्याचे सांगितले आहे. पुढे जे काही घडले त्यात समुद्राचा हात किती होता हे पाहता, नाव अगदीच अयोग्य म्हणता येणार नाही.

आता जमिनीचे एक वैशिष्ट्य. हिमयुगात स्कँडिनेव्हियावर बर्फाचे प्रचंड थर साचले होते आणि त्यांच्या भाराने भूपृष्ठ खाली दबले होते. बर्फ वितळल्यावर ते हळूहळू वर येऊ लागले. ती क्रिया अद्याप थांबलेली नाही. लेसो हे अशा रीतीने समुद्रातून वर आलेले बेट आहे आणि शतकाशतकाला त्याची किनाररेषा थोडी थोडी बाहेर सरकत राहिली आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे उपयोगी पडणार आहे.

रोनर्नेची जमीन इतकी सपाट आहे की समुद्राला थोडे उधाण आले तरी पाणी दूरवर आत पसरते. उन्हाळ्यात त्यातले बरेचसे वाफ होऊन उडून जाते. उरलेले अधिक खारट पाणी वाळूत मुरते. पण खाली चिकणमातीचा थर असल्याने ते फार खोल जाऊ शकत नाही. वर्षानुवर्षे ही क्रिया घडत राहिल्याने वाळूखालच्या पाण्यातील क्षार वाढत जातो. कॅटेगॅटच्या पाण्यात मिठाचे प्रमाण दोन-तीन टक्के असते. रोनर्नेच्या वाळूत उथळ खड्डा खणला, तर काही ठिकाणी दहा टक्क्यांहूनही अधिक खारट पाणी लागते.

या आकड्यांचा अर्थ एका साध्या हिशेबाने कळेल. तीन टक्के क्षाराच्या पाण्यातून एक किलो मीठ काढायचे, तर सुमारे बत्तीस लिटर पाणी आटवावे लागते. बारा टक्के क्षाराच्या पाण्यात तेच काम सुमारे साडेसात लिटरांत होते. म्हणजे सरपण चौथ्या हिश्श्यावर आले. उत्तर युरोपात हा फरक साधा नव्हता.

येथे मराठी वाचकाचा एक गैरसमज होण्याचा संभव आहे, म्हणून थोडे थांबतो. मीठ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वसई-भाईंदरची किंवा उरण-पेणकडची मिठागरे येतात. खाडीचे पाणी वाफ्यात घ्यायचे आणि बाकीचे काम उन्हावर सोपवायचे. लेसोच्या अक्षांशावर ऊन अर्धेच काम करते. क्षार वाढवून देते, पण मिठाचे दाणे पाडून देत नाही. शेवटचे आटवणे आगीवरच. म्हणून तेथील मीठ पिकत नसे, ते शिजत असे. आणि शिजवायला लाकूड लागे.

मिठाची गरज कोणाला होती? जवळजवळ सर्वांना. मध्ययुगीन युरोपात मांस, लोणी आणि विशेषतः मासळी टिकवण्याचा मीठ हाच मुख्य उपाय होता. त्यात चर्चने घातलेल्या उपवासांच्या दिवशी मांस वर्ज्य आणि मासे चालत असल्याने खारवलेल्या हेरिंगला प्रचंड मागणी असे. डेन्मार्कच्याच ताब्यातील स्कोने प्रांताच्या किनाऱ्यावर हेरिंगचा मोठा हंगामी बाजार भरे. तेथे लागणारे मीठ जर्मनीतील ल्यूनेबुर्गहून ल्यूबेकच्या व्यापाऱ्यांमार्फत येई. मिठावरील या पकडीने ल्यूबेकला किती बळ दिले, हे हान्सा संघाचा इतिहास वाचलेल्यांना ठाऊक असेल. अशा काळात स्वतःच्या राज्यातील एखाद्या बेटावर मीठ निघते, ही गोष्ट कोण सोडून देणार?

बाराव्या शतकापासून लेसोवर मीठ शिजवले जाऊ लागले. बेट जटलंडमधील व्हिबॉर्गच्या कॅथेड्रलच्या धर्ममंडळाच्या ताब्यात होते. धर्मसुधारणेनंतर, म्हणजे १५३६ नंतरही, ही मालकी बराच काळ टिकली. बेटावरील लोक आपला सारा मिठात भरत. या एका व्यवस्थेत पुढच्या सगळ्याचे बीज आहे, असे माझे मत आहे. सारा धान्यात असेल तर दुष्काळ शेतकऱ्याबरोबर सावकारालाही दिसतो. सारा मिठात असला की, जोवर एक झाड उभे आहे तोवर भरणा होऊ शकतो. व्हिबॉर्ग समुद्रापासून दूर, जटलंडच्या अंतर्भागात आहे. तेथे मिठाची पोती पोहोचत. तुटलेल्या झाडांचे बुंधे पोहोचत नसत.

मिठाची झोपडी अगदी साधी असे. कुरणावर जागा निवडायची, वाळूत विहिरीवजा खड्डा घ्यायचा, त्यालगत कमी उंचीचा आडोसा उभारायचा आणि मध्ये चुलीवर लोखंडी पसरट कढई ठेवायची. खाली जाळ, वर खारे पाणी. पाणी आटले की ओले मीठ टोपल्यांत काढून निथळत ठेवायचे. झोपडीत धूर आणि वाफ कोंडलेली असणार, डोळे चुरचुरत असणार. पण कढई थंड होऊ देणे परवडणारे नव्हते.

अशा शेकडो झोपड्यांचे अवशेष रोनर्नेवर सापडले आहेत. पाहणाऱ्याला ते फक्त गवतातले ठेंगणे उंचवटे वाटतील. आरहूस विद्यापीठातील मध्ययुगीन पुरातत्त्वाचे अभ्यासक येन्स वेलेव्ह यांनी या मीठउद्योगावर दीर्घकाळ संशोधन केले. आता किनाररेषेचा तो मुद्दा आठवा. जमीन वर येत गेली तसा समुद्र मागे हटला. समुद्र हटला तसे अतिखारट पाण्याचे पट्टेही सरकले. आणि मीठ शिजवणारे त्यांच्या मागोमाग गेले. त्यामुळे जुन्या झोपड्यांचे उंचवटे आज समुद्रापासून आत आहेत आणि नंतरचे समुद्राकडे सरकत गेलेले आहेत. एखाद्या समाजाने पाचशे वर्षे समुद्राचा पाठलाग केला आणि त्याच्या पाऊलखुणा जमिनीवर उमटून राहिल्या, असे दृश्य मला तरी अन्यत्र कोठे वाचायला मिळालेले नाही. मी हे बेट प्रत्यक्ष पाहिलेले नाही. पण उत्खननांविषयी वाचताना नकाशावरच्या त्या ठिपक्यांकडे बराच वेळ पाहत बसलो होतो.

पाठलाग समुद्राचा, किंमत मात्र जंगलाची. मध्ययुगाच्या आरंभी लेसोवर दाट झाडी होती. कमी सरपणात मीठ निघते म्हणून उद्योग उभा राहिला खरा; पण तो उभा राहिल्यावर कढया वाढल्या आणि वाचलेले सरपण केव्हाच मागे पडले. चौथ्या हिश्श्याने जळणारी शंभर कढयांची भट्टी, पूर्ण सरपण खाणाऱ्या दहा कढयांपेक्षा अधिकच खाते. जंगल एका रात्रीत गेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या ते थोडे थोडे मागे सरत गेले असणार. प्रत्येक पिढीला आपण पाहिले तेवढेच जंगल मूळचे वाटले असणार.

१६५२ मध्ये मीठ शिजवण्यावर बंदी आली. फ्रेडरिक तिसरा डेन्मार्कच्या गादीवर येऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. बंदी आली तेव्हा वाचवण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. झाडांची मुळे गेल्यावर खालची वाळू मोकळी झाली होती. कॅटेगॅटवरून येणारा वारा ती उचलू लागला. शेतांवर वाळू, कुरणांवर वाळू, घरांच्या दारांत वाळू. बेटाचा मोठा भाग नापीक माळ आणि वाळूच्या टेकड्या होऊन बसला. ज्या उद्योगाने पाचशे वर्षे पोसले तो बंद, आणि ज्या शेतीकडे वळावे ती वाळूखाली. बंदीच्या दुसऱ्या दिवशी त्या घरांमध्ये काय बोलणे झाले असेल, याची नोंद अर्थातच कोणी ठेवलेली नाही.

आणि आता घरांचा प्रश्न. घराला वासे हवेत, तुळया हव्यात. बेटावर झाड नाही. छपराला काड हवे, शेतात वाळू. या दोन्ही अडचणींवर उपाय निघाला तो समुद्रातून.

लेसोभोवतालचा समुद्र उथळ खडकांनी आणि वाळूच्या दांड्यांनी भरलेला आहे. बाल्टिक समुद्रात ये-जा करणारी जहाजे कॅटेगॅटमधूनच जात, आणि वादळात त्यांतील अनेक येथे फुटत. फुटलेल्या जहाजांचे लाकूड किनाऱ्याला लागे. डोलकाठीचा वासा होई, तक्तपोशीच्या फळ्यांचे दार होई. जुन्या घरांच्या लाकडांमध्ये आजही जहाजाच्या कामाच्या खाचा आणि खिळ्यांची भोके आढळतात. ज्या रात्री कोणाचे जहाज बुडाले त्या रात्रीने दुसऱ्या कोणाला आढे दिले, हे कटू आहे. पण मीठ बंद झालेल्या बेटावर लाकूड नाकारण्याची ऐपत कोणाकडेच नव्हती.

छपरासाठी आले ते सागरी गवत. छायाचित्राखाली त्याला बहुधा शेवाळ म्हटलेले असते; ते चुकीचे आहे. झोस्टेरा मरीना ही मुळे, पाने आणि फुले असलेली वनस्पती आहे, जी उथळ समुद्राच्या तळाशी कुरणासारखी वाढते. शरद ऋतूतील वादळांनंतर तिच्या लांब फितीसारख्या पानांचे ढीग किनाऱ्यावर येऊन पडतात. ते गाड्यांत भरून आणायचे, मोकळ्या जमिनीवर पसरायचे आणि पावसाने धुऊन उन्हा-वाऱ्याने वाळेपर्यंत तसेच राहू द्यायचे. पानांत मुरलेल्या क्षारामुळे ते सहजी कुजत नाही, त्याला कीड लागत नाही आणि ते चटकन पेटतही नाही. म्हणजे जे मीठ जंगल घेऊन गेले, तेच आता छप्पर राखू लागले.

शाकारणीचे काम बायकांचे असे. लेसोचे पुरुष मोठ्या प्रमाणावर दर्यावर्दी होते. ते महिनोन्‌महिने जहाजांवर असत आणि शेत, गुरे, घर हे सारे बायका सांभाळत. छप्पर घालायचे ठरले की शेजारपाजारच्या बायका एकत्र येत. वाळलेले गवत पिळून त्याचे जाड पीळ तयार करायचे आणि ते वळचणीजवळच्या खालच्या पट्ट्यांना घट्ट गुंडाळायचे. हा सगळ्या छपराचा पाया. त्यावर सुटे गवत थरांवर थर रचत, पायांनी तुडवत आढ्यापर्यंत जायचे आणि आढ्यावर हिरवळीच्या मातीचे ढेकूळ बसवायचे. एका घराला तीस-चाळीस टन गवत लागे आणि थराची जाडी मीटरभर भरे. काही वर्षांत ते दबून एकसंध होई. नीट घातलेले छप्पर दोनशे वर्षांहूनही अधिक टिकल्याची उदाहरणे आहेत. पणजीने घातलेल्या छपराखाली पणतू म्हातारा व्हावा, असा हा हिशेब. आपल्याकडे कौले फिरवायला दर उन्हाळ्यात माणूस शोधावा लागे, हे आठवून मी थोडा खजील झालो.

एक गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते. मिठाच्या काळाचा इतिहास आपल्याला मालकीहक्क, सारा आणि राजाज्ञा यांतून कळतो, कारण त्यांची कागदपत्रे होतात. छपरांचा इतिहास छपरांतूनच वाचावा लागतो. पीळ किती घट्ट घातला, थर किती सारखा बसवला, यातून त्या बायकांचे कौशल्य दिसते. त्यांची नावे दिसत नाहीत. लेसोच्या बायकांचा चांदीच्या दागिन्यांनी मढवलेला सणाचा पोशाख मात्र प्रसिद्ध आहे, आणि संग्रहालयात तो आवर्जून दाखवला जातो. चिखलाने भरलेला कामाचा पोशाख कोण दाखवणार?

ही व्यवस्थाही कायमची नव्हती. १९३० च्या दशकात उत्तर अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर सागरी गवतावर रोग पसरला. एका सूक्ष्मजीवामुळे पाने काळवंडून गळू लागली आणि समुद्रतळावरची विस्तीर्ण कुरणे काही वर्षांत नाहीशी झाली. लेसोच्या किनाऱ्यावर गवत येईनासे झाले. ज्यांच्या हातात पीळ घालण्याची कला होती त्या बायका म्हाताऱ्या होत गेल्या, शिकणाऱ्या मुलींना शिकायला गवतच नव्हते. जुनी छपरे खचू लागली आणि दुरुस्तीऐवजी दुसरे काही बसवणे सोपे ठरू लागले. एके काळी बेटावर अशी दोनशेंहून अधिक घरे होती. आज त्यांतील मोजकीच उरली आहेत.

त्यांना वाचवण्याचे प्रयत्न एकविसाव्या शतकात नेटाने सुरू झाले. कारागिरांनी जुन्या छपरांचे थर उलगडून कृती पुन्हा शिकून घेतली. रिआलडानिया या डॅनिश संस्थेने जुने घर दुरुस्त करण्यास साहाय्य केले आणि २०१३ मध्ये वांडकुन्स्टेन या वास्तुरचनाकार संस्थेकडून सागरी गवत वापरून एक नवे घरही बांधवून घेतले. त्यात गवत जाळीच्या उशांत भरून भिंतींवर आणि छपरावर बसवले आहे. मला ते घर आवडते, पण जुन्या छपरांच्या ओळीत ते बसत नाही. ते हुशारीचे काम आहे, जुने छप्पर नाइलाजाचे होते. आणखी एक विसंगती अशी की, आज दुरुस्तीसाठी लागणारे गवत डेन्मार्कच्या इतर किनाऱ्यांवरून आणावे लागते. समुद्राने दिले म्हणून जी पद्धत जन्मली, तिच्यासाठी माल बाहेरून मागवायचा.

मीठही परतले आहे. वेलेव्ह यांच्या संशोधनाच्या आधारे १९९० च्या दशकात जुन्या पद्धतीची झोपडी उभारून पुन्हा मीठ शिजवले जाऊ लागले. आज पर्यटक तेथे जाऊन कढईवरची वाफ पाहतात आणि छोट्या पिशव्यांतून मीठ घरी नेतात. वेस्टरो बंदरातील एका जुन्या चर्चचे रूपांतर तर खाऱ्या पाण्याच्या स्नानगृहात झाले आहे. त्वचाविकार असलेले लोक तेथे येतात. एके काळी चर्चला मीठ पोहोचवणाऱ्या बेटावर आता चर्चच्या आतच खारे पाणी भरलेले आहे.

बेट वेगळे राहिल्याने काही गोष्टी टिकल्याही. उत्तर युरोपातील मूळ काळसर मधमाशी इतरत्र दुसऱ्या जातींशी मिसळून गेली. लेसोवर ती उरली. १९९३ मध्ये डेन्मार्कने बेटावर अन्य मधमाश्या पाळण्यास मनाई केली. हा व्यापारावरचा निर्बंध आहे, असा आक्षेप घेतला गेला आणि प्रकरण थेट युरोपीय न्यायालयात गेले. ३ डिसेंबर १९९८ रोजी न्यायालयाने जैवविविधतेच्या रक्षणासाठी असा निर्बंध समर्थनीय असल्याचे म्हटले. पर्यावरण कायद्याच्या अभ्यासात हा निकाल आजही शिकवला जातो. वस्ती दोन हजारांहून कमी असलेल्या बेटाच्या माश्यांनी युरोपच्या न्यायशास्त्रात घर केले, याची मला गंमत वाटते.

आता पुन्हा जमिनीकडे. वाळू थोपवण्यासाठी विसाव्या शतकात बेटाच्या उत्तर भागात सरकारने पाइनची लागवड केली. ती तगली, फोफावली, आणि वाऱ्याबरोबर तिचे बी उघड्या माळावर जाऊन रुजू लागले. दरम्यान त्या माळांची आणि खाऱ्या कुरणांची गणना युरोपीय कायद्यानुसार संरक्षित अधिवासांत झाली होती. कारण तेथे दुर्मीळ वनस्पती आहेत, किनाऱ्यावरचे पक्षी घरटी करतात. माळ उघडाच राहावा लागतो. झाडी वाढली तर हे पक्षी जातात. म्हणून गेल्या दशकात युरोपीय निधीच्या साहाय्याने एक मोठी मोहीम राबवण्यात आली. कुरणांवर गुरे चारण्यात आली आणि माळावर आपोआप उगवलेली झाडे तोडून काढण्यात आली.

ज्या बेटाने झाडे तोडून आपली जमीन गमावली, त्याच बेटावर आज ती उघडी जमीन राखण्यासाठी झाडे तोडली जातात. हे प्रथम वाचले तेव्हा हसू आले होते. नंतर वाटले, दुसरे काय करता आले असते? बाराव्या शतकातले जंगल आता परत येणार नाही. पाइन हे काही ते जंगल नव्हे. आणि गेल्या साडेतीनशे वर्षांत त्या उजाड माळावर जे जगायला शिकले, त्या पक्ष्यांचा मिठाच्या कढयांशी काही संबंध नाही. तेव्हा कोणत्या शतकातले लेसो जपायचे, हा निर्णय कोणालातरी घ्यावा लागतो, आणि तो दर वर्षी कुऱ्हाड हातात घेऊनच घ्यावा लागतो. तोडलेल्या त्या झाडांच्या बुंध्यांपासून थोड्याच अंतरावर गवतात मिठाच्या झोपड्यांचे उंचवटे आहेत. जमीन अजून वर येतेच आहे, त्यामुळे समुद्र त्यांच्यापासून आणखी थोडा दूर गेलेला असेल.